काचेवरचं मेण

दशरथ मयेकर मूळचाच संशयी. गिरणीत जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, तेव्हा मागाच्या साच्यावरचा कामगार पाणी प्यायला गेला, तर हा थोड्या वेळाने त्याच्या मागे जायचा. खरंच पाणी पितोय की बिडी ओढतोय ते बघायला. संपात गिरणी गेली, जॉबरकी गेली, स्वभाव तेवढा राहिला. गिरणीतून जे काही हाती आलं त्यात त्याने एक जुनी करड्या रंगाची फियाट घेतली आणि नाहूर गावठाणातली नि आसपासच्या चाळींतली पोरं मुलुंडच्या शाळेत सोडायला लागला. सकाळी न्यायची, दुपारी आणायची. पोरं मागच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर, दप्तरं डिकीत. इतक्या वर्षांत एकाच्याही गुडघ्याला खरचटलं नव्हतं, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

त्या दिवसांत रस्त्यावर उभ्या गाडीचे वायपर पळवणं हा एक धंदाच होता. म्हणून गाडी लावली की दशरथ दोन्ही वायपरची पाती काढून घरी आणायचा आणि पलंगाखाली सरकवायचा. त्याची बायको जानकी झाडू मारताना ती बाजूला करायची आणि पुन्हा होती तशीच ठेवायची. जरा तिरकी झाली तरी त्याला कळायचं.

श्रावणात पाऊस लागून राहिला आणि वायपर काम देईना. रबर कडक झालं होतं, टोकाला फाटलं होतं. पातं फिरलं की काचेवर पाण्याच्या रेघा उमटायच्या आणि उजव्या बाजूला, नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर, एक धुरकट पट्टी राहायची. त्याने मान तिरकी करून गाडी चालवून पाहिली, काचेला नाक लावून पाहिली. शेवटी एका शनिवारी मुलुंडला आग्रा रोडवर रतनभाईच्या दुकानात गेला. रतनभाई मोटारीचे सुटे भाग विकायचा.

"पूर्ण पातं देऊ का? लावा आणि जा," रतनभाई म्हणाला.

"पात्याला काय झालंय? रबर दे फक्त. मी घालतो."

"मेकॅनिककडून घालून घ्या मयेकरभाय. पट्टी उलटी बसली तर काच खराब होते."

"मेकॅनिकला गाडी दिली की तो चांगलं काढतो आणि जुनं घालतो," दशरथ म्हणाला. "मी साचे उघडून बसवलेत रे. हे काय मोठं!"

दुपारी पावसाने उघडीप दिली, तसा तो कामाला बसला. बॉनेटवर गोणपाट अंथरलं. वायपरचा दांडा उभा केला की स्प्रिंगने कधी खाली आपटेल सांगता येत नाही, आणि मग काचेला तडा; म्हणून दांड्याखाली काचेवर टॉवेलची घडी ठेवली. पात्याच्या टोकाची नखी पक्कडीने हळूच उघडली आणि जुनं रबर ओढलं. ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. रबराच्या दोन्ही अंगांना दोन बारीक पोलादी पट्ट्या होत्या, त्या नव्या रबराबरोबर मिळत नाहीत, जुन्याच वापरायच्या. त्याने त्या पॉलिशपेपरने घासून गंज काढला, नव्या रबराच्या खाचांत सरकवल्या आणि ते रबर एकेका नखीतून पुढे ओढत नेलं. पहिल्या पात्याची एक पट्टी खरंच उलटी बसली. रबर मधोमध कमानीसारखं वर उठलं. रतनभाई दिसत नाही ना, असं त्याने उगाच मागे वळून पाहिलं आणि सगळं पुन्हा काढून नीट बसवलं. दुसरं पातं पहिल्याच झटक्यात बसलं.

समोरच्या घराच्या ओट्यावरून इसिडोर हे सगळं बघत होता. इसिडोर गावठाणातला जुना ख्रिस्ती रहिवासी. भांडुपच्या एका कारखान्याचा ट्रक चालवून आता घरी बसला होता. त्याची बायको सेराफिना शेजारीच स्टोव्हवर मेण वितळवून मेणबत्त्यांच्या साच्यांत ओतत होती. वांद्र्याच्या चर्चमधल्या मोतमाऊलीची जत्रा जवळ आली की ती दर वर्षी मेणबत्त्या करायची आणि तिथे नेऊन विकायची.

"मस्त बसवलंस," इसिडोर ओरडला. "दशरथ, कवातरी ही गाडी विकशील ना, तवा पयला मना सांग."

हे तो पूर्वीही बोलला होता. दशरथने हसून हात हलवला, पण मनात नोंद केली.

बादलीभर पाणी काचेवर मारून त्याने वायपर चालू केला. रेघा गेल्या. पातं एखाद्या सुरीसारखं पाणी कापत गेलं. फक्त उजवीकडचा धूर होता तिथेच होता. नवीन रबराला पावडर असते, एकदोन पावसांत जाईल, असं म्हणून त्याने पाती काढली आणि घरी नेली.

सोमवारी मुसळधार पाऊस होता. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा काचेवर कापसाच्या गोळ्यासारखा फुगला आणि त्या गोळ्याच्या आत ट्रक कुठे आहे तेच त्याला कळेना. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागची पोरं आपसात भांडत होती, त्यांना काही समजलं नाही. शाळेतून परतताना तो सरळ रतनभाईच्या दुकानावर गेला.

"डुप्लिकेट रबर घातलंस माझ्या गळ्यात!"

"अरे, ताजा माल हाय! वाकवून बघा, ओढून बघा."

"वाकवून काय बघू? मला समोरचं दिसत नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. रतनभाईने गुपचूप दुसरी जोडी काढून पुढे ठेवली. "ही घ्या. पण असं मोठ्याने बोलू नका, माझी वाट लावाल."

इतक्या पटकन बदलून दिली म्हणजे याला माहीत होतं, असं दशरथला वाटलं. घरी येऊन त्याने नवी जोडी चढवली. तरी काच तशीच. मग मात्र तो विचारात पडला. दोन जोड्या खराब निघत नाहीत. पाती तर रात्रभर आपल्या पलंगाखाली असतात, त्यांना कोण हात लावणार? म्हणजे रबरात खोट नाही. खोट काचेत आहे.

त्याने रॉकेलचा बोळा फिरवला, ओल्या वर्तमानपत्राने काच घासली, चुलीची राख लावून घासली. काच करकरत होती. पण आत बसलं की धूर. त्याने काचेवर बोट फिरवून नाकाशी धरलं. बोटाला किंचित बुळबुळीत लागल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी समोरच्या ओट्यावरून वितळलेल्या मेणाचा वास आला.

मेण. काचेवर मेण चोळलं की काय होतं? पाणी धरत नाही, दिवे फुलतात, सगळं धूसर होतं. आणि दिसायला काच स्वच्छ!

आता त्याला एकेक गोष्ट जुळायला लागली. इसिडोरला गाडी हवी आहे. इसिडोर दिवसभर घरी असतो. त्याच्या घरात तपेलंभर मेण आहे. संध्याकाळी गाडी लावल्यावर दशरथने बॉनेटच्या एका कडेपासून वायपरच्या दांड्यापर्यंत एक बारीक सुती दोरा बांधला. गिरणीत कपाटावर ठेवायचा तसा, कुणी हात लावला की तुटणारा. सकाळी दोरा तुटलेला होता. बॉनेटवर मांजराच्या पायांचे चिखलाचे ठसे होते, पण ते त्याने जमेस धरले नाहीत. गावठाणात मांजरं असतातच.

जेवताना तो जानकीला म्हणाला, "कुणीतरी माझ्या गाडीवर हात फिरवतोय."

जानकीने त्याच्या ताटाकडे बघितलं. आमटीची वाटी त्याने ताटाच्या कडेवर टेकवली होती आणि आमटी खाली सांडत होती. तिने वाटी आत सरकवली.

"मी काय म्हणते," ती हळूच म्हणाली, "एकदा डोळे दाखवून या ना."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुटलेला धागा मी खात्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायचो."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"तुला कुणी शिकवलं हे?"

जानकी उठली. फडका आणून तिने सांडलेलं पुसून घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात वसुधाने तिच्या दोन्ही मुलींना पाठवणं बंद केलं. वसुधा शेजारच्या चाळीत राहायची. मुली पहिल्या दिवसापासून दशरथच्या गाडीत. तो सकाळी हॉर्न वाजवून थांबला, तर ती एकटीच खाली आली आणि छत्रीच्या आडून बोलली.

"काका, आजपासून मुलींना त्यांचा मामा सोडेल."

"मामा? तो तर देवनारला राहतो ना?"

"हो... म्हणजे येतो तो. या बाजूला काम असतं त्याचं."

देवनारहून माणूस रोज सकाळी नाहूरला येऊन भाच्यांना मुलुंडला सोडणार, हे दशरथला पटणं शक्यच नव्हतं. "कुणी काय सांगितलं का माझ्याबद्दल?" त्याने विचारलं. वसुधाची नजर समोरच्या घरांकडे गेली आणि लगेच परत आली. "नाही हो काका," ती म्हणाली आणि घाईने जिना चढली.

तिची नजर नेमकी कुठे गेली हे दशरथ दिवसभर आठवत राहिला. इसिडोरच्या घराकडे, नक्की. त्याच दिशेला, अलीकडे त्याचं स्वतःचंही घर होतं, हे त्याच्या मनात आलं नाही. दोन दिवसांनी आणखी एका घरची पोरं थांबली. त्या घरच्या बापाने तोंडही दाखवलं नाही, शेजारणीकडून निरोप दिला. आता डाव सरळ दिसत होता. आधी काच खराब करायची, मग लोकांचे कान भरायचे, पोरं तुटली की गाडी दारात उभी राहणार, आणि मग इसिडोर गोड बोलून ती घेणार. पोरंही त्याची, गाडीही त्याची.

त्या दुपारी दशरथ समोरच्या ओट्यावर चढला. ओट्याच्या कठड्यावर सुकत ठेवलेल्या मेणबत्त्यांच्या ओळी होत्या. त्याने त्यातली एक उचलली आणि इसिडोरच्या तोंडासमोर धरली.

"हे काय आहे?"

"मेणबत्ती," इसिडोर म्हणाला. "पायजे तर ने."

"माझ्या काचेवर चोळायची मेणबत्ती! तुला वाटलं मला समजणार नाही? वसुधाचे कान तूच भरलेस. गाडी पाहिजे ना तुला?"

आजूबाजूची दारं उघडली. इसिडोर खुर्चीतून उठला. "गाडी पायजे, हाय. तोंडावर सांगितलं तुला, चोरून नाय सांगितलं. पण मेण? तू पागल झालास का रे?"

सेराफिना आतून आली. तिचे हात मेणाने पांढरे झाले होते आणि दशरथने ते हात असे बघितले, जसा काही पुरावाच सापडला. ते तिला समजलं.

"हे मोतमाऊलीचं मेण हाय, दशरथ," ती म्हणाली. "लोक नवस करून हे पेटवतात. ते मी तुझ्या गाडीच्या काचेला लावीन?"

दशरथला आता माघार घेता येईना. इसिडोर त्याचा दंड धरून त्याला खाली घेऊन गेला, गाडीचं दार उघडायला लावलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. "पाती लाव. पाणी मार." दशरथने पाती आणून लावली, बादली ओतली. इसिडोरने वायपर चालू केला आणि समोर बघत राहिला.

"काच साफ हाय. एकदम झकास. ती समोरच्या चाळीच्या भिंतीवरची जाहिरात पण वाचतो मी इथून. वाचून दाखवू?"

"तूच लावणार आणि तूच साफ म्हणणार."

इसिडोर खाली उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "दशरथ, माजी तुझी दोस्ती आजपासून खलास," तो म्हणाला आणि ओट्यावर चढला. सेराफिनाने मेणबत्त्या एकेक करून आत नेल्या आणि घराचं अर्धं दार लावून घेतलं. ते दार दिवसा कधी लागत नसे.

जमलेले लोक पांगले. दशरथ एकटाच गाडीपाशी उरला. राग अजून धुमसत होता. म्हणे काच साफ आहे! त्याने घरातून धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून आणला. मेण सोड्याने निघतंच. फडका बुडवून तो काचेवर जोरात घासायला लागला, आणि एक फटकारा उलटा येऊन सोड्याचं पाणी त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं.

आग आग झाली. तो डावा डोळा घट्ट मिटून, चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. वायपर चालूच होता. त्याने उजव्या डोळ्याने समोर पाहिलं.

समोर काहीच नव्हतं. म्हणजे उजेड होता, पण त्यात चाळ नव्हती, भिंत नव्हती, वायपरचं पातंसुद्धा नव्हतं. पिंजलेला कापूस डोळ्यासमोर धरावा तसं नुसतं पांढुरकं काहीतरी, आणि त्यात एक काळपट सावली इकडून तिकडे जात होती. त्याला वाटलं, सोडा दोन्ही डोळ्यांत गेला. त्याने शर्टाच्या टोकाने उजवा डोळा पुसला. कापूस हलला नाही. घाबरून त्याने खिडकीबाहेर हात काढला आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मध्ये काच नव्हती. बोटं तरी दिसेनात. हाताच्या जागी एक डाग होता.

कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला. डाव्या डोळ्याची आग कमी झाली तसा त्याने तो उघडला आणि उजवा तळहाताने झाकला. चाळ आपल्या जागी आली. भिंतीवरची जाहिरात आली. काचेवरचा प्रत्येक थेंब, आणि तो पुसत जाणारं नवं रबर, सगळं लख्ख. मग त्याने तळहात डाव्या डोळ्यावर नेला. कापूस. पुन्हा उजव्यावर. चाळ. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. त्याला अजून वाटत होतं की यात कुठेतरी कुणाचा तरी हात असेल. पण हे त्याचं स्वतःचं डोकं होतं आणि त्यातला स्वतःचा डोळा होता. तिथे इसिडोर पोचू शकत नव्हता.

वायपर बंद करून तो घरात आला. जानकी तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला.

"उजव्या डोळ्याने दिसत नाही मला," तो म्हणाला. "काहीच दिसत नाही."

जानकीचे हात थांबले. "माका म्हायत होता," ती म्हणाली. गावची बोली तिच्या तोंडी एरवी येत नसे. घाबरली किंवा रडायला आली की यायची.

"कधीपासून?"

"तुमच्यापेक्षा आधीपासून."

मग त्याच्या डोक्यात जे बरेच दिवस फिरत होतं ते पुन्हा वर आलं, या वेळी वेगळ्याच दिशेने. "वसुधाकडे कोण गेलं होतं?"

जानकीने सूप खाली ठेवलं.

"मी गेले होते. दुसऱ्या घरी पण मीच. बाकीच्यांकडे उद्या जाणार होते."

दशरथ उठून उभा राहिला. जगात सगळ्यांवर त्याने संशय घेतला होता. हिच्यावर मात्र नव्हता घेतला. "तू? माझ्या पोटावर पाय दिलास? घरातल्या घरात?"

"पोरांच्या अंगावर चाक जाण्यापेक्षा बरं."

"कुणाच्या अंगावर गेलंय चाक? सांग! इतक्या वर्षांत एका पोराला..."

"माझ्या," जानकी म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती भाजी घेऊन कोपऱ्यावर उभी होती. दशरथची गाडी पोरं घेऊन आली आणि उजवीकडे वळली. तिने हातही केला. गाडी तिच्याकडेच येत राहिली. तो सरळ तिच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती. तिने पाय ओढला म्हणून वाचला; चप्पल चाकाखाली गेली, पिशवीतली काकडी रस्त्यावर पडली. गाडी पुढे निघून गेली. मागच्या काचेतून वसुधाची धाकटी तिला हात हलवत होती.

"चप्पल तुटली म्हणून तू सांगितलंस मला," दशरथ म्हणाला. "अंगठा निघाला म्हणालीस."

"मग काय सांगू? तुमच्या गाडीखाली आले म्हणून? तुम्ही काय म्हणाला असता?"

तो काय म्हणाला असता ते दोघांनाही ठाऊक होतं. मुद्दाम मध्ये आलीस म्हणाला असता. कुणी शिकवलं म्हणाला असता.

"डोळे दाखवा म्हटलं तर मलाच उलट विचारलंत," जानकी म्हणाली. आता ती रडत होती, पण बोलायची थांबली नाही. "तुमका सांगान ऐकला असतात तर मी कोणाच्या दारात कशाक गेले असते? त्या बायांसमोर उभी राहून नवऱ्याबद्दल असं बोलताना मला काय वाटलं असेल? आणि तुम्ही त्या बिचाऱ्या सेराफिनाच्या ओट्यावर चढून तमाशा केलात. मी खिडकीतून बघत होते. खाली यायला हवं होतं मी. पाय उचलला नाही माझा."

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. दशरथचा राग गेला नव्हता. बायकोने पाठीमागे हे केलं, ही सल होतीच. पण डोळे मिटले की त्याला तो कोपरा दिसायचा आणि तिथे जानकीच्या जागी वसुधाची धाकटी उभी असायची.

सकाळी त्याने गाडी काढली नाही. उरलेल्या पोरांच्या घरी तो स्वतः चालत गेला आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोलला: "माझा एक डोळा गेलाय, मी पोरं नेऊ शकत नाही." पहिल्या दारात ते त्याला दोनदा बोलावं लागलं. शेवटच्या दारात त्या बाईने त्याला बसवून चहा दिला, त्याने तर जास्तच वाईट वाटलं.

मग तो इसिडोरच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. वर चढायचं धाडस झालं नाही. अर्धं दार लागलेलंच होतं. इसिडोर दारावर कोपरं टेकून त्याच्याकडे बघत राहिला.

"काचेवर मेण नव्हतं," दशरथ म्हणाला. "माझ्या डोळ्यात आहे काहीतरी. मोतीबिंदू असेल."

"मना कशाला सांगतोस? मना शिव्या दिल्यास त्या मी पचवल्या. ट्रकवर लय ऐकल्यात. तिला सांग."

सेराफिना आत स्टोव्हपाशी पाठ करून बसली होती. दशरथने दाराबाहेरूनच हात जोडले. "सेराफिनाबाय, माझी चूक झाली. तुमच्या देवाच्या वस्तूला मी नको ते बोललो."

बराच वेळ ती वळली नाही. साच्यात मेण ओतायचं काम तिने आधी पूर्ण केलं. मग पदराला हात पुसत दारापाशी आली आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कोणत्या डोळ्यात?" तिने विचारलं.

"उजव्या."

"हां. पांढरं दिसतंय मधे. माझ्या आयशीला असंच झालेलं." तिने कडी काढली. "ये आत. उभा काय राहिलास."

डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला, पिकलेला, लवकर काढायला हवा असा. दशरथचा एका डॉक्टरवर विश्वास बसला नाही. तो दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे. तिघांनी एकच सांगितल्यावर तो म्हणाला, "तिघं एकमेकांना ओळखत असतील." पण ऑपरेशनची तारीख त्याने घेतली.

तोवर गाडी उभी ठेवण्यात अर्थ नव्हता. जानकीनेच मध्यस्थी केली आणि इसिडोर फियाट घेऊन पोरं सोडायला लागला. दशरथने चावी दिली ती तासभर सूचना देऊन: क्लच कसा सोडायचा, दुसरा गिअर कसा अडतो, दार कसं उचलून लावायचं. इसिडोरने सगळं ऐकून घेतलं. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, मध्ये एकदाही बोलला नाही. तरी पहिल्या सकाळी दशरथ गाडीत डाव्या बाजूला जाऊन बसलाच आणि मुलुंडपर्यंत स्पीडोमीटरकडे बघत राहिला. वसुधाच्या दोन्ही मुली परत आल्या होत्या. धाकटीने विचारलं, "काका, तुम्ही आता इकडे का बसता?"

"तिकडून मला तुमच्या जानकीकाकू दिसत नाहीत म्हणून," तो म्हणाला. मुलीला ते गमतीचं वाटलं आणि ती हसली. इसिडोर हसला नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेल्या दिवसांत वॉर्डात कुणाचं पाऊल वाजलं की तो "कोण?" म्हणून विचारायचा, आणि नाव सांगितल्यावरही पुन्हा विचारायचा. पट्टी सुटल्यावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला. त्यातून जिना वरचेवर जवळ यायचा आणि कप लांब जायचा. डॉक्टर म्हणाले, सवय होईल, पण पोरांनी भरलेली गाडी यापुढे चालवू नका. दशरथने हे एकाच डॉक्टरचं ऐकलं आणि मानलं. गाडी त्याने विकली नाही. इसिडोर चालवायचा, दशरथ शेजारी बसून दारं उघडायचा, पोरांना उतरवून रस्ता ओलांडून द्यायचा. इसिडोर अधूनमधून "विकतोस का?" म्हणायचा आणि दशरथ "नाय" म्हणायचा. पूर्वीसारखी दोस्ती व्हायला मात्र बरेच दिवस गेले. सेराफिना त्याच्याशी बोलायची, पण तो ओट्यावर आला की बोलता बोलता ती मेणबत्त्या जरा आत सरकवायची. ते त्याला जाड चष्म्यातूनही दिसायचं.

एका संध्याकाळी जानकी त्याच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती. तो डोकं मागे टाकून, डोळा ताणून बसला होता.

"यापुढे तुला माझं काही खटकलं," तो म्हणाला, "तर लोकांकडे जाऊ नको. आधी मला सांग."

"ऐकून घ्याल?"

"ऐकेन." थेंब पडला, तसा तो कळवळला. मग डोळा मिटून म्हणाला, "आणि मग खरं आहे का ते बघून येईन."

जानकीने बाटलीचं झाकण लावलं. "बघून या," ती म्हणाली. "पण चालत जा."